न्हाणीकडे पाठ करून

मी जात्याच मत्सरी आहे. वहिनीच्या नव्या लुगड्याचा, शेजारणीच्या न बिघडलेल्या लोणच्याचा, देवळात माझ्या पुढे उभ्या राहिलेल्या बाईचा, कशाचाही हेवा मला वाटू शकतो. आई म्हणायची, दुसऱ्याच्या ताटात चार घास जास्त पडले की हिच्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू, दुखायचंच. पण आयुष्यात ज्या माणसाचा मी सगळ्यांत जास्त हेवा केला, तिच्याकडे ना धड लुगडं होतं ना ताट. आमच्या आश्रमाच्या फाटकावर बसणारी ती एक हिजडा होती. उज्जैनात तेव्हा सगळे हाच शब्द वापरत. मीही वापरायचे, आणि कोणत्या सुरात वापरायचे ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. आश्रमातल्या बायका तिला बुआ म्हणायच्या, म्हणजे आपली आत्या. इथं मीही तेच म्हणते.

आश्रम म्हणजे फ्रीगंजात टावरच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं दुमजली घर. देश स्वतंत्र झाला, शिंद्या-होळकरांची राज्यं जाऊन मध्यभारत झाला, आणि सिंध-पंजाबातून आलेल्या गाड्यांतून अशाही बायका उतरल्या ज्यांना घ्यायला स्टेशनवर कुणी आलं नाही. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी समिती केली, सरकारी अनुदान मिळवलं आणि हे घर उघडलं. पुढे निर्वासित बायका कमी होत गेल्या आणि आपल्याच मुलखातल्या वाढल्या. नवऱ्यानं टाकलेल्या, सासरहून पळालेल्या, पोलिसांनी कुठून कुठून सोडवून आणलेल्या. सगळा कारभार मोठ्या बाईंकडे. त्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, लहानपणीच विधवा झालेल्या, बोलणं मोजकं आणि नजर अशी की समितीचे वकीलसाहेबसुद्धा त्यांच्यापुढे विडी विझवत. त्यांच्या हाताखाली मी. मला सगळ्या दीदी म्हणत. माडीवर मला एक खोली मिळाली होती आणि भावाच्या घरातून, वहिनीच्या टोमण्यांतून माझी सुटका झाली होती.

माझ्या कामांत मानाचं काम एकच, पहिली आंघोळ. नवी बाई आली की तिचं गाठोडं तपासायचं, अंगावर चाकू, अफू, विषाची पुडी नाही ना ते बघायचं, कपडे उकळायला टाकायचे आणि डोक्याला तेल चोपडून शिकेकाईनं न्हाऊ घालायचं. समितीचा कडक नियम होता की हे काम बाईनंच करायचं, आणि न्हाणीघर, निजायच्या खोल्या या भागात बाईशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. मी हे काम झपाझप करायची. कुणी अंग चोरलं तर हात धरून ओढायची, रडलं तर म्हणायची, बाईला बाईची कसली लाज. मला वाटे, याहून चांगलं कोण करणार.

बुआ आली ती चौकीदाराच्या जागी. आधीचा चौकीदार बाहेरच्या पुरुषांच्या चिठ्ठ्या आत पोचवताना सापडला. समितीनं त्याला काढलं आणि ठरवलं की यापुढे फाटकावर पुरुष नको. पण रस्त्याच्या तोंडावर दिवसभर बसायला कोणतीच बाई तयार होईना. तेव्हा मोठ्या बाईंनी तिला आणलं. जुन्या शहरात ती आपल्या गुरूच्या घरी राहायची, ते घर तिनं सोडलं होतं. का सोडलं ते तिनं कधी सांगितलं नाही. "वहाँ का दाना-पानी उठ गया," एवढंच म्हणायची. एकदा बाहेर पडलं की तिथं परत घेत नाहीत, हे मात्र मला ठाऊक होतं. म्हणजे फाटकाशेजारची ती खोली गेली तर तिला उज्जैनात दुसरं छप्पर नव्हतं. मोठ्या बाईंनी हे मला मुद्दाम सांगितलं होतं, मी नीट वागावं म्हणून. मी मनात म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

ती चाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं रुंद, आवाज घोगरा, गळ्यात काळी पोत आणि साडी मात्र अशी चापूनचोपून नेसलेली की माझी मला सैल वाटावी. फाटकावर स्टूल टाकून गहू निवडत बसायची. कुणाचा नवरा भांडायला आला तर अंगावर जायची नाही. त्याला पाणी द्यायची, बसवायची आणि मग त्या घोगऱ्या आवाजात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, "हाँ भैया, तो हाथ कौनसा टूटा था उसका, दायाँ कि बायाँ?" दुकानदार बाहेर येऊन उभे राहायचे आणि भैया पाणी अर्धं टाकून निघून जायचा. बायकांना याचं फार कौतुक. मला नव्हतं.

अशीच दोन वर्षं गेली आणि एका सकाळी पोलीस एका पोरीला घेऊन आले. मंदसौरकडची, अठरा-एकोणीस वर्षांची, आईबापांनी परत घ्यायला नकार दिलेली. तिच्यावर काय गुदरलं होतं ते कागदात लिहिलं होतं, इथं लिहीत नाही. ती बोलत नव्हती आणि अंगाला हात लावू देत नव्हती. मी नेहमीप्रमाणे हात धरून न्हाणीत ओढली, तर मनगटाला अशी चावली की रक्त आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवस झाले. केसांत जटा, अंगाला वास, बायका तिच्याजवळ जेवायला बसेनात. नवव्या दिवशी मी तिला न्हाणीत ढकलून बाहेरून कडी घातली आणि तेलाची वाटी घेऊन दारात उभी राहिले. आतून ती दारावर डोकं आपटायला लागली.

बुआ फाटक सोडून मागच्या अंगणात आली. "दीदी, बुरा न मानो तो एक बात कहूँ?"

मी म्हटलं, "नियम मालूम है ना? औरत के सिवा अंदर कोई नहीं."

"अंदर कहाँ आ रही हूँ," ती म्हणाली.

तिनं स्टूल आणलं, न्हाणीच्या दारापासून चार हात लांब ठेवलं आणि दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. मला कडी काढायला सांगितली. मी काढली. मग ती बोलायला लागली. कुणाशी म्हणून नाही, आपली भिंतीशीच. तिचे बाफले, म्हणजे आमच्या माळव्यातले वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे, कसे दर वेळी फुटतात, कणीक घट्ट मळली तरी फुटतात, पाण्यात उकळताना फुटतात, गोवऱ्यांवर भाजताना फुटतात, आणि सगळे म्हणतात हिला दाल-बाफले जमायचे नाहीत. अर्धा तास ती बाफल्यांवर बोलत होती. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. आणि मग आतून आवाज आला, चिरका, नऊ दिवसांतला पहिला. "आटे में दही डाला करो."

"कितना?" बुआनं भिंतीला विचारलं.

उत्तर आलं, आणि त्यामागोमाग तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज. साबण संपला तेव्हा दारातून एक हात बाहेर आला. बुआनं पाठ न वळवता हात मागे करून साबण दिला. मी तेलाची वाटी धरून तिथंच उभी. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला. मी इतक्या जणींना न्हाऊ घातलं, हातांना शिकेकाईचे चट्टे पडले, आणि शहाणपण कुणाला, तर फाटकावर गहू निवडणारीला.

झालं, तेव्हापासून जी ती म्हणू लागली, आम्हाला तशी आंघोळ हवी. मोठ्या बाईंनी गहू निवडायला दुसरी बाई बसवली आणि बुआला फाटकाबरोबर आतलीही सेविका केलं. अट एकच, न्हाणीत आणि निजायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बाहेर पाठ करून बसायचं. बुआ म्हणाली, मला आत जायचंच कुठं आहे.

एकजण मात्र नको म्हणाली. सिंधी अम्मा. ती आश्रम उघडल्यापासूनची, सगळ्यांत वयस्क. तिनं बुआच्या तोंडावर सांगितलं, "तेरा बुरा नहीं चाहती. पर दरवाज़े के पास वैसी भारी आवाज़ मुझसे सही नहीं जाती." बुआनं तिला काही समजवायचा प्रयत्न केला नाही. "ठीक है अम्मा," म्हणाली, आणि अम्माच्या आंघोळीच्या वेळी ती अंगणात फिरकायची नाही. ते काम माझ्याकडे राहिलं. मी इतकी खूश झाले की अम्माला दुप्पट तेल चोपडायची. ती म्हणे, अगं पुरे, मला तळायचंय का.

पण मला अम्मा नको होती, मला ती पोर हवी होती. हे उघड सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. ती माणसात आल्यावर मी तिला अक्षरओळख करून द्यायला घेतली. हुशार होती. चार महिन्यांत माझं हस्ताक्षर वाचू लागली. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. तिला शिकवायची, माझ्या खोलीत ठेवायची, म्हातारपणी कुणीतरी आपलं म्हणून पाणी द्यायला राहील. आणि ती काय करायची? धडा संपला की पाटी घेऊन धावत फाटकावर. शिकवायचं मी आणि वाचून दाखवायचं बुआला. बुआला काय कळत होतं त्यातलं, तिला तर काळं का पांढरं समजत नव्हतं. ती मान डोलवायची आणि पोर फुलून यायची. दुपारी तिच्या गुडघ्यांशी बसून केसांना तेल लावून घ्यायची. मी वरच्या गॅलरीतून बघायची. खाली जाऊन म्हणावं, ये, मी लावते, असं वाटायचं, आणि मी मात्र कुणावर तरी विनाकारण खेकसायची.

माझ्या जळफळाटाला आणखी एक मूळ होतं आणि ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं लग्न चौदाव्या वर्षी देवासला झालं. मला पाळी आलीच नाही. सोळावं गेलं, अठरावं गेलं. वैदू झाले, नवस झाले, बडनगरच्या एका सुइणीनं पोट चोळून पाहिलं. शेवटी सासूनं चार बायकांसमोर सांगितलं, ही बाईच नाही, आमच्या गळ्यात काय बांधलंय देव जाणे. मला माहेरी पाठवलं आणि नवऱ्यानं दुसरी केली. आम्ही उज्जैनात सांगायचो, जावई लांब नोकरीला आहेत. मी मंगळसूत्र घालायची, कुंकू लावायची, हळदीकुंकवाला जायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आता कुणीतरी हात धरून उठवेल. आणि ही बुआ! जन्मतः तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं, तिनं आपली आपण साडी नेसली, आणि घरभर बायका तिला आत्या म्हणून हाक मारत होत्या. मला जे बाई असून मिळालं नाही ते हिला कसं मिळालं, या प्रश्नानं मी आतून करपत होते.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळ. आमच्या समितीची मंडळी घाबरली की नवं सरकार अनुदान चालू ठेवतं का नाही. पण भोपाळहून चांगलं पत्र आलं. आश्रम सरकारी यादीत घेऊ, आत काम करणाऱ्यांच्या जागा पक्क्या करू, सोबतचा तक्ता भरून पाठवा. आतल्या तीन जागा होत्या, स्वयंपाकीणबाईंची, माझी आणि बुआची. तिघींच्याही पक्क्या होणार होत्या. हे ध्यानात घ्या, माझं यात काहीच जाणार नव्हतं. तक्त्याच्या वर छापलं होतं की महिलांच्या संस्थेत अंतर्गत कर्मचारी महिलाच असाव्यात. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू भर. तिघींपुढे महिला लिही आणि माझी सही घे."

नेमकं त्याच आठवड्यात पोरीला ताप आला. मोठा ताप, तीन दिवस उतरेना. मी तिच्या उशापासून हलले नाही. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, चमच्यानं पेज घातली, तिची ओकारी माझ्या पदरात घेतली. बुआला निजायच्या खोलीत यायची बंदी, ती जिन्याच्या खाली बसून होती. चौथ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "बुआ कहाँ है?"

मी खाली कचेरीत गेले आणि तक्ता भरला. स्वयंपाकीणबाईंपुढे महिला. माझ्यापुढे महिला. बुआपुढे महिला लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'महिला के वेश में रहती है.' एकही शब्द खोटा नव्हता. मोठ्या बाईंना मोतीबिंदू होता, त्यांनी मी बोट ठेवलं तिथं सही केली. पाकीट मी स्वतः पोस्टात टाकलं, आणि परत येताना टावर चौकात गरम कचोरी घेऊन उभ्या उभ्या खाल्ली. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

भोपाळचं उत्तर महिन्याभरात आलं. शेऱ्यावरून शंका उत्पन्न होते, सबब तिन्ही कर्मचाऱ्यांनी जनाना इस्पितळातल्या लेडी डॉक्टरकडून तपासून घेऊन महिला असल्याचा दाखला जोडावा. तिन्ही. म्हणजे मीसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोठ्या बाई विचारत राहिल्या, "कसला शेरा गं?" मी म्हटलं, काय की, छापील काहीतरी असेल.

तांग्यातून आम्ही तिघी इस्पितळात निघालो तेव्हा वाटभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं. डॉक्टरीण पडद्याआड नेणार, बघणार, विचारणार, शेवटची पाळी कधी आली, आणि सासूनं चार बायकांसमोर सांगितलेलं आता सरकारी शिक्क्यानिशी लिहून मिळणार. नोकरी जाणार, खोली जाणार, पुन्हा भावाच्या दारात. बुआ माझ्यासमोर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "दीदी, आप क्यों काँप रही हैं? डरना तो मुझे चाहिए." मला तेव्हाच सांगावंसं वाटलं. सगळंच. तोंडही उघडलं. पण स्वयंपाकीणबाई शेजारी होत्या, आणि खरं म्हणजे त्या नसत्या तरी मी सांगितलं नसतं.

स्वयंपाकीणबाईंना पाच मुलं, त्यांचा दाखला बसल्या जागी झाला. मग मी. डॉक्टरीण घाईत होती. तिनं माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. "बच्चे?" मी म्हटलं, "हुए नहीं." तिनं च्च केलं आणि लिहिलं, महिला. तपासलं नाही की नाडी धरली नाही. ज्या माणसानं मला बाई नाही म्हणून हाकललं, त्याच्या नावाच्या मण्यांवर मी सरकारदरबारी बाई ठरले. मग बुआ पुढे गेली. डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं, तिला नखशिखांत न्याहाळलं आणि पडद्याकडे बोट केलं.

बुआ गेली नाही. "परदे के पीछे जाकर आप जो लिखेंगी, वो मुझे मालूम है, डाक्टरनी साब. काहे को दोनों को तकलीफ़." असं म्हणून ती बाहेर जाऊन तांग्यात बसली. परतीच्या वाटेवर मी माझा दाखला पदराखाली धरून बसले होते.

मोठ्या बाई भांडल्या, भोपाळला दोन पत्रं पाठवली, समितीला सुनावलं. निदान फाटकावर तरी राहू द्या म्हणाल्या. पण नव्या मंजुरीत फाटकासाठी पुरुष चौकीदार होता आणि आत महिला. बुआ बसेल अशी जागा त्या कागदात नव्हतीच. तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. त्या संध्याकाळी मी सिंधी अम्माला म्हटलं, "चला, आता तुम्हाला त्या आवाजाचा त्रास नाही." मला वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूचं. अम्मा माझ्याकडे वळली. म्हणाली, "मैंने अपने नहाने के लिए मना किया था. उसकी रोटी के लिए नहीं."

पोर माझ्याकडे शिकायला यायची बंद झाली होती. मला वाटलं, बुआ जाणार म्हणून रुसली आहे, जाईल राग. कुठं जाते, आहे तर याच घरात. खरं सांगायचं तर मी दिवस मोजत होते.

महिनाअखेरीच्या सकाळी बुआ गाठोडं घेऊन कचेरीच्या दारात आली. आश्रमातूनच गेलेली एक बाई देवास गेटपाशी पापड-बड्यांचं काम करायची, तिनं मागची खोली देऊ केली होती. बुआ मोठ्या बाईंच्या पाया पडली. तेवढ्यात जिन्यावरून पोर उतरली, हातात तिचंही गाठोडं. म्हणाली, मी बुआबरोबर जाते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "सज्ञान आहेस, तुला कुणी अडवू शकत नाही. पण समितीचा नियम आहे. इथून बाई एकटी किंवा पुरुषासोबत जात नाही, स्त्री नातेवाईक लागते. तशी रजिस्टरात नोंद करावी लागते." मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "नोंद तुझं काम. तुला योग्य वाटेल ते लिही."

त्यांना कधी कळलं होतं कुणास ठाऊक. मी मान वर केली तर पोर माझ्यासमोर उभी होती. "दीदी, कचेरीत तक्त्याची नक्कल ठेवली होती. मोठ्या बाईंनी मला कागद लावायला बसवलं तेव्हा मी वाचली," असं ती तिच्या हिंदीत म्हणाली. "आपकी लिखाई मैं पहचानती हूँ."

मी बुआकडे बघितलं. तिलाही माहीत होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. इस्पितळातून आल्यापासून माहीत असेल, किंवा तांग्यातच. ती एवढंच म्हणाली, "जो लिखना हो लिखो, दीदी. मैं बाहर खड़ी हूँ." आणि गाठोडं उचलून फाटकाबाहेर गेली.

आता सगळं माझ्या हातात होतं. सोबत स्त्री नाही, एवढं लिहिलं की पोर राहिली. भोपाळचा कागद माझ्या बाजूला, डॉक्टरीण माझ्या बाजूला. मी टाक शाईत बुडवला आणि पुन्हा बुडवला. पोर दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकली, आणि पहिल्या दिवशी मी मनगट धरलं तेव्हा जशी बघत होती तशी बघायला लागली.

मी लिहिलं, सोबत: स्त्री. नातं: आत्या. खाली सही केली.

मोठ्या बाई जन्मभर सांगत राहिल्या की त्या दिवशी मी मन मोठं केलं. मी कधी त्यांना दुरुस्त केलं नाही. इथं करते. मन काही मोठं झालं नव्हतं. या नजरेनं ती रोज माझ्यासमोर वावरणार, हे मला सोसलं नसतं, म्हणून लिहिलं. त्या दोघी गेल्यावर मी माडीवर गेले आणि गॅलरीतून बघत राहिले. गल्लीच्या तोंडाशी गाठोडी कुणी घ्यायची यावरून दोघींची ओढाताण चालली होती. माझी नोकरी पक्की झाली होती, खोली पक्की झाली होती, मी बाई असल्याचा सरकारी दाखला माझ्या पेटीत होता. आणि मी तिथं उभी राहून विचार करत होते की माझी नोकरी गेली असती तर या घरातून माझ्यामागे कोण निघालं असतं. एकही नाव आठवेना. त्या दिवसाइतका हेवा मला पुन्हा कधी कुणाचा वाटला नाही.